शरयूकाकूंनी मोजलेल्या चिठ्ठ्या

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात दोनशे घरं, आणि दोनशेच्या दोनशे घरांची खबर शरयूकाकूंना. कोणाकडे पाळणा हलणार, कोणाची नोकरी गेली, कोणाची सासू किती महिन्यांसाठी येतेय, सगळं. सत्तावीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढलेली बाई. समोरच्यानं पाकीट पुढे सरकवायच्या आत माणूस ओळखते, असा त्यांचा दावा. म्हणून तर मंडळाच्या बैठकीत प्रीताला त्यांनी जवळजवळ उडवूनच लावलं.

प्रीता इथेच जन्मलेली. घरी मारझोड सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या टॉयलेटमध्ये कागद लावायचे होते. चारही दारांच्या आतल्या बाजूला एकेक कागद, त्याच्या खालच्या कडेला कापून ठेवलेल्या दहा चिठ्ठ्या, चिठ्ठीवर हेल्पलाइनचा नंबर. जिला हवी तिनं गुपचूप फाडून न्यावी.

"अगं, आपल्यात असलं नसतं," काकू म्हणाल्या. "तुमच्याच रिपोर्टात बघ ना. वर्षभरात मराठीतून फोन किती? तीन!"

"तीन फोन म्हणजे तीनच बायका असं नसतं, काकू. या देशात चारांतल्या जवळजवळ एकीनं कधी ना कधी जोडीदाराचा जबर मार खाल्लेला असतो. आपल्या लोकांचं नीट काउंट कोणी केलंच नाहीये. फोन तीन, म्हणून मराठी बोलणारी काउन्सेलर मंजूर होत नाही. आणि ती नाही, म्हणून फोन येत नाहीत. काय करायचं, यार..." प्रीतानं जीभ चावली. "सॉरी, काकू."

"लाव तुझे कागद. संध्याकाळी चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या मीच मोजून हातात देते."

हळदीकुंकू भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, त्यामुळे काठपदराच्या साड्यांखाली सगळ्यांचे स्नो बूट. एकाच्या सुमाराला काकू टॉयलेटमध्ये डोकावल्या, तर पहिल्याच दारावरच्या तीन चिठ्ठ्या गायब. पोरींचे उद्योग, असं म्हणत त्यांनी लहान मुलींना शाळेच्या जिममध्ये खेळायला पिटाळलं.

तीन वाजता त्या पुन्हा गेल्या. चार दारं. चार, सहा, तीन, चार. त्यांनी परत मोजल्या. सतरा गेल्या होत्या.

कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात एक चिठ्ठी बारीक तुकडे करून टाकलेली दिसली, तेव्हा काकूंना जरा हायसं वाटलं. कॉरिडॉरमध्ये प्रीता भेटली. "बघ, एकीनं तरी टाकून दिलीय."

प्रीतानं मान हलवली. "टाकून नाही दिली, काकू. नंबर पाठ केला असणार. पर्समध्ये चिठ्ठी सापडली, तर घरी काय होईल?"

काकूंनी आवाज खाली आणला. "कोण आहेत गं त्या?"

"माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं. कोणी मैत्रिणीसाठी नेली असेल, कोणी बहिणीसाठी. पण नेलीय."

त्यानंतर तासभर काकू दाराशी उभ्या राहून निघणाऱ्या बायकांना तिळगूळ देत होत्या. रोजची हसरी तोंडं, रोजच्या थट्टा. ही? की ती, जिचा नवरा गाडी गरम करून दाराशी आणतो? एकीचा हात जरा कापल्यासारखा वाटला. पण बाहेर उणे बारा होतं, कोणाचाही कापला असता. माणूस ओळखणाऱ्या शरयूकाकूंना सतरांतली एकसुद्धा ओळखता येईना.

घरी गेल्यावर त्यांचं जेवणावरून मन उडालं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच प्रीताला फोन लावला आणि दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. मंडळातल्या यशोधनची बायको ज्ञानदा ऐन जूनमध्ये गळ्याला स्कार्फ गुंडाळून त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. तो कधीकधी फार चिडतो, एवढंच म्हणाली. काकू म्हणाल्या होत्या, "सांभाळून घे गं, घरोघरी मातीच्या चुली." पुढे ते दोघं कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला गेले.

प्रीता हळूच म्हणाली, "आमच्या फॉर्मवर गळा दाबण्याचा प्रश्न वेगळा असतो. कारण ज्यांचा गळा एकदा दाबलेला असतो, त्यांचा पुढे जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तिथे टिक झाली की आम्ही त्याच दिवशी सेफ्टी प्लॅन करायला बसतो."

"अगं, मी तिला चहा पाजून घरी पाठवली!" काकूंच्या तोंडून कसंबसं निघालं.

मेसेज करायचा नाही, थेट काही विचारायचं नाही, फोन दुसऱ्याच निमित्तानं करायचा, असं प्रीतानं बजावलं. काकूंनी तिळाच्या वड्यांचं निमित्त काढलं. "काकू, स्पीकरवर आहात हं," ज्ञानदा पहिल्याच वाक्यात म्हणाली. काकू पाच मिनिटं गुळाच्या पाकाबद्दल बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मी दुपारी घरीच असते. केव्हाही फोन कर."

नऊ दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ज्ञानदा लायब्ररीतून बोलत होती.

"काकू, तुम्ही तेव्हा गळा बघितला होता ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "बघितला होता," काकू म्हणाल्या. "कळलंही होतं. मला कळून घ्यायचं नव्हतं."

ज्ञानदा बराच वेळ रडली. मग तिनं नंबर विचारला. काकूंनी प्रीतानं दिलेला तिकडच्या संस्थेचा नंबर दोनदा सांगितला, आणि तिनं तो तीनदा म्हणून दाखवला.

मार्चच्या शेवटी ज्ञानदा घराबाहेर पडली. ती कुठे राहते हे काकूंना माहीत नाही आणि त्या विचारतही नाहीत. दर रविवारी ती फोन करते. कधी दहा मिनिटं, कधी नुसतं "ठीक आहे" एवढंच.

काकूंनी संस्थेचं चाळीस तासांचं ट्रेनिंग घेतलं. मंगळवारी दुपारी मराठीतले फोन त्याच घेतात. पहिल्या तीन महिन्यांत एकोणीस आले. पहिल्याच फोनवरचा आवाज काकूंच्या चांगल्या ओळखीचा निघाला. त्यांनी ओळख दाखवली नाही, स्वतःचं नाव सांगितलं नाही, आणि फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला, "आत्ता बोलणं सुरक्षित आहे का?"