पाचव्या नंबरचा फ्लेक्स

“शफीकभाई, माझा फोटो काढून टाका.” सकाळपासूनचा हा अकरावा फोन होता.

वसमतला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, जे सांगाल ते छापतो. अभिनंदनाच्या फ्लेक्सवर खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून फोटोंची रांग असते. ज्याचं अभिनंदन, त्याच्यावरून होत नाहीत तेवढी भांडणं या रांगेवरून होतात. या फ्लेक्सवर बत्तीस शुभेच्छुक होते. मधोमध अर्चना, हातात भाला. आखाडा बाळापूरजवळच्या गावातली ही पोरगी आशियातल्या देशांच्या स्पर्धेत भालाफेकीच्या फायनलला पोचली होती.

निकालाआधी छापायचं नाही, हा माझा नियम. एकदा मतमोजणीआधीच एका उमेदवाराचा विजय छापून बसलो आणि तो पडला. तेव्हापासून कानाला खडा. पण फायनलच्या दिवशी दुपारी अर्चनाचे चुलते दत्तराव मशिनीपाशी येऊन बसले.

“छापा. ‘सुवर्णकन्या’ लिहा, मोठ्या अक्षरात.”

“फायनल संध्याकाळी हाय, दत्तराव. निकाल तर येऊ द्या.”

“काहून? पोरीवर भरोसा न्हाई तुमचा?”

भरोसा होता. शिवाय रांगेत शेवटचा फोटो माझाच होता. मी प्रिंट दिली. वीस बाय दहा फूट. कडेला लोखंडी रिंगा ठोकल्या. त्यांना आम्ही आयलेट म्हणतो, त्यातून दोरी ओवून फ्लेक्स बांधतात.

अर्चना पाचवी आली.

‘सुवर्णकन्या’ बाद झाली. नुसतं ‘हार्दिक अभिनंदन’ लिहून मी नवा प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून फोन सुरू झाले. काल पहिल्या रांगेसाठी भांडणाऱ्यांना आज शेवटची रांगही नको होती. दत्तरावांनी जीपमधली मिरवणूक रद्द केली. “कोन्त्या तोंडानं काढायची?” म्हणाले. मी एकेक फोटो काढत गेलो. माझा तर प्रूफ टाकण्याआधीच गुपचूप काढला होता. हे सांगायला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी दुपारी अर्चना दुकानात आली. एकटीच. पाठीला बॅग, हातात लांब पिशवीतला भाला.

“काका, माझा फ्लेक्स लागला का हो गावात?”

मी खुर्ची पुढं केली.

“रेल्वेतून उतरून दोन एसट्या सोडल्या मी,” ती म्हणाली. “लागला नसंल तर सरावाच्या कॅम्पला वापस जाते. गावात कशाला जायचं मग?”

मी चहा मागवला. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. रांग रिकामी होती, मध्ये ती एकटीच उभी.

“भाला किती लांब गेला?” काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. “आजवरचा सगळ्यात लांब! माझं बोट फाटलं व्हतं न काका, तर जी पयली आली त्याच पोरीनं स्वतःची टेप काढून बांधली. भाषा समजना तिची. शेवटी गळ्यात पडली माझ्या.”

“मग हेच छापू. मॅटर सांग.” फ्लेक्सवरच्या मजकुराला आम्ही मॅटर म्हणतो.

तिनं थोडा विचार करून सांगितलं, ‘आशियात पाचवी. सगळ्यांचे आभार.’ आभारात सगळ्यात वर तिच्या पुढं आलेल्या चौघींची नावं.

“यांचे कशाला?”

“त्या व्हत्या म्हणून माझा येवढा लांब गेला. येकटी असते तर रोजच्याच जाग्यावर पडला असता.”

मग भाला एसटीत घेऊ देणारा कंडक्टर. मग दत्तराव.

“त्यांनी मिरवणूक रद्द केली,” मी सांगून टाकलं.

“तरी सराव केला ते वावर त्यांचंच हाय न. भाल्यानं भोकं पडून राहिली, पर कधी बोलले न्हाईत. लिवा त्यांचं. आन् शेवटी तुमचं.”

“माझं काहून?”

“तालुक्याच्या पयल्या स्पर्धेला छातीवरचा नंबर तुमीच छापून दिलता. फोटो हाय न तुमचा?”

उरलेल्या फ्लेक्सचा एक तुकडा होता तो. मी विसरूनही गेलो होतो.

“व्हता,” मी म्हणालो. “मीच काढला.”

ती हसली. “मग परत लावा.”

डोळे पुसत मी माझा फोटो परत लावला. त्या पोरीचे उपकार आहेत माझ्यावर.

फ्लेक्स घेऊन मी तिच्याबरोबर गावाला गेलो आणि चौकात स्वतः बांधला. माणसं जमली. दत्तराव आले, वरपासून खालपर्यंत वाचू लागले. स्वतःच्या नावापाशी बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “शफीकभाई, या वरच्या चौघी कोन्त्या गावच्या?”

“परदेशातल्या. हिच्या पुढं आलेल्या.”

दत्तरावांनी पुन्हा वर पाहिलं. मग अर्चनाच्या पाठीवरची बॅग घेतली आणि खिशातून फोन काढला.

“जीप काढ. व्हय, आत्ताच.”

‘सुवर्णकन्या’वाला फ्लेक्स दत्तरावांच्या अंगणात वाळत घातलेली हळद झाकायला गेला. निकालाआधी छापायचं नाही, हा नियम मी पुन्हा कडक केला. आणि शुभेच्छुकांचे फोटोही आता निकालानंतरच घेतो. माझासुद्धा.