वडिलांच्या नावे जमीन

"या, जमीनदारीणबाई, या. अरे, खुर्ची द्या कोणी यांना!"

डहाणूच्या मामलेदार कचेरीतला कारकून खिडकीतून असं ओरडला आणि व्हरांड्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघून हसली. मी अनवाणी. अंगावर वसतिगृहातून मिळालेलं परकर-पोलकं, काखेत ठिगळ लावलेलं. मागे बा लंगोटीवर उकिडवा बसलेला. कारकुनाचं बोलणं त्याला नीट कळलं नव्हतं. साहेब थट्टा करतोय म्हणजे खुशीत आहे, काम होणार, असं त्याला वाटलं. म्हणून सगळ्यांबरोबर तोही हसला. लोकांचं हसणं मी कधीच विसरले असते. बाचं हसणं मात्र अजून विसरता येत नाही.

मी एसेस्सी पास झाले होते. तलासरीकडच्या आमच्या पाड्यातली पहिलीच. मुलगा नाही, मुलगी नाही, आधी कोणीच नाही. मुंबईच्या कॉलेजात नाव घालायचं होतं. फी, राहणं, पुस्तकं, सगळं आदिवासींच्या सरकारी शिष्यवृत्तीतून भागणार होतं. ती नसेल तर कॉलेज नाही, इतकी सोपी गोष्ट. अर्ज शनिवारपर्यंत पोचायला हवा होता आणि त्याला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता.

अर्ज मला गुरुजींनी समजावला होता. गुरुजी म्हणजे आमच्या पाड्यावरच्या शाळेचे मास्तर. पुढे त्यांची बदली डहाणूत झाली. मी पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते त्यांचं बघून. त्यांचा 'ळ' खाली जरा लांब जातो, माझाही जातो. पोरीला काय शिकवायची, असं पाडा म्हणत होता तेव्हा तेच रोज येऊन बाच्या अंगणात बसायचे. त्या आठवड्यात त्यांच्या घरी बसून आम्ही अर्जाचा एकेक रकाना भरला. "ही भीक नाही पोरी, तुझा हक्क आहे," ते म्हणाले. "आणि लक्षात ठेव, वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही."

'वडिलांच्या नावे जमीन' या रकान्यापाशी ते थोडे थांबले होते. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाही, असं लिही."

मी लिहिलं, नाही.

आणि आता कारकून फाईल नाचवत होता. "सात एकर! तलाठ्याचा अहवाल आहे हा. बाप सात एकरचा खातेदार, आणि लेक सरकारकडे हात पसरते. लाज नाही वाटत खोटं लिहायला?"

"आमची जमीन नाही," मी म्हणाले. "बा शेठच्या रानात गवत कापतो."

"मग हा अंगठा काय माझ्या बापाचा?"

त्याने फाईल उलटी करून माझ्यापुढे आपटली. शेठने जमीन विकल्याचा कागद, त्याची नक्कल. ओहोळापलीकडचं रान, सात एकर. घेणाऱ्याच्या जागी बाचं नाव, बाचा अंगठा. खाली साक्षीदाराची सही. सहीतला 'ळ' खाली लांब गेलेला.

तो अंगठा मी ओळखत होते. तो मीच उठवला होता.

सातवी झाल्यावर मला डहाणूच्या वसतिगृहात टाकायचं ठरलं. वसतिगृहाच्या कमिटीवर शेठ होता. गुरुजी आम्हा दोघांना शेठच्या गवताच्या वखारीत घेऊन गेले. गाठींचा ढीग, दाबयंत्राचा आवाज, शेठ गादीवर. बाने दोन कागदांवर अंगठा दिला. पहिला वसतिगृहाचा, मी वाचला. दुसराही त्याचाच, असं गुरुजी म्हणाले. त्याचा वरचा भाग त्यांनी तळव्याखाली दाबून धरला होता. वखारीत वारा भरत होता, कागद उडू नये म्हणून धरला असेल, असं मला वाटलं. बाला अंगठा नीट उठवता येईना. मी त्याचा अंगठा धरला, शाईत बुडवला, नीट दाबला आणि नंतर माझ्या परकराला पुसला. मी सातवी पास होते. मला वाचता येत होतं. गुरुजी होते म्हणून मी वाचलं नाही.

कचेरीतून मी तडक गुरुजींच्या घरी गेले. बा पायरीवर बसला. गुरुजींच्या बायकोने चहा विचारला, मी नको म्हटलं.

"गुरुजी, त्या कागदात काय होतं?"

कुठल्या कागदात, असं त्यांनी विचारलं नाही. तिथेच मला सगळं कळलं.

ते खिडकीकडे वळले. मग बोलायला लागले. कायदा येणार होता, ठरावीक मर्यादेवरची जमीन सरकार काढून घेणार होतं. शेठने थोडी थोडी जमीन गड्यांच्या नावावर करून ठेवली. नुसती नावावर. रान त्याचं, गवत त्याचं. "तुझ्या वडिलांचं काय गेलं? काही नव्हतंच, तर जाणार काय? आणि वसतिगृहात जागा एकच होती, पोरी. शेठने हीच अट घातली. मी तुझ्यासाठी केलं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"लहान होतीस."

"परवा अर्ज भरताना?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. गुरुजींनी पैसे खाल्ले असते तर मला इतकं लागलं नसतं, हे मी मनापासून सांगते. त्यांनी माझं शिक्षण दाखवून माझ्या बाला फसवलं. मी ज्या कॉटवर तीन वर्षं झोपले, ज्या कंदिलाखाली एसेस्सी केली, ते सगळं त्या अंगठ्यावर उभं होतं. आणि इतकी वर्षं दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडत होते.

शुक्रवारी ते आमच्या पाड्यावर आले. एसटीने तलासरी आणि पुढे चालत. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. पूर्वीसारखेच अंगणात बसले. पिशवीतून नवा कागद काढला. बाने ती जमीन शेठच्या भावाच्या मुलाला विकली, असं लिहून आणलं होतं. बाने अंगठा दिला की जमीन नावावरून जाणार, अहवाल बदलणार, दाखला मिळणार. "मुदतीचं शेठ बघून घेतील. त्यांची ओळख आहे. शिवाय पहिल्या वर्षाची फी ते स्वतः भरणार आहेत. तू कॉलेजात जाशील, पोरी. सगळं सुरळीत होईल."

त्यांनी शाईची डबी उघडली. कागद पाटावर ठेवला. आणि त्यांचा तळवा आपोआप कागदाच्या वरच्या भागावर गेला.

"गुरुजी, हात काढा," मी म्हणाले. "आज वारा नाही."

मग त्यांनी हात काढला. मी कागद उचलला आणि बाला वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग जुन्या कागदात काय होतं, तेही सांगितलं. बाचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे असेल. त्याला कोणी कागद वाचून दाखवण्याची ती पहिली वेळ.

बाने कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मंग मी माझाच गवत कापीत होतूं?"

"हो बा."

"तीन वरसं?"

"हो."

त्याने ओहोळाच्या दिशेने बघितलं. तिथून रान दिसत नाही, तरी बघितलं. आणि मग त्याने अंगठा पुढे केला. "घे. तू कालेजात जा. जमीन मना कवां होती? नाय होती. तू शिक."

मला रडू फुटलं. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, देऊ दे. मला कॉलेज हवंच होतं. सगळ्या जिवाने हवं होतं. पण तो अंगठा एकदा मीच धरून दाबला होता. मी तोच हात धरला आणि बाची मूठ मिटली. डबीचं झाकण लावलं.

"वाचल्याशिवाय सही करू नको, असं तुम्हीच शिकवलंत," मी गुरुजींना म्हणाले. "आता वाचलं. सही नाही."

"मूर्खपणा करू नकोस. शेठशी भांडून काय मिळणार? तुझं आयुष्य वाया जाईल. आणि माझी नोकरी?"

"तुमचं तुम्ही बघा, गुरुजी."

ते उठले, पिशवी उचलली. दर वेळी मी त्यांना पाड्याच्या टोकापर्यंत सोडायला जायचे. त्या दिवशी गेले नाही.

शनिवार गेला. अर्ज गेला नाही. वसतिगृहातल्या माझ्याबरोबरीच्या दोन मुली मुंबईला गेल्या. त्यांची पत्रं आली, ती मी आधी वाचलीच नाहीत. त्या दिवसांत मी कोणाशी धड बोलत नव्हते. आई म्हणायची, पोरीला कोणाची तरी नजर लागली.

आठवड्याने मी शिष्यवृत्तीचा तो अर्ज काढला. 'वडिलांच्या नावे जमीन' यापुढचं 'नाही' खोडलं. तिथे लिहिलं : आहे. सात एकर. मग कोरा कागद घेतला आणि बाच्या नावाने मामलेदारांना अर्ज लिहिला, की ही जमीन कागदोपत्री माझी आहे, ताबा दुसऱ्याने ठेवला आहे, तो मला मिळावा. लिहिलेलं बाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्याने मध्येच थांबवून ओहोळाचं नाव घालायला लावलं. मग त्याने अंगठा दिला, या वेळी स्वतःच दाबून. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. 'ळ' तसाच खाली लांब गेला. तो मी बदलणार नाही. हे अक्षर मी मेहनतीने कमावलंय, ते आता त्यांचं नाही.

बाने शेठच्या रानात गवत कापणं सोडलं. शेठची माणसं पाड्यावर येऊन दम देऊन गेली. ती पुन्हा येतील, हे मला माहीत आहे.

सोमवारी कचेरीच्या खिडकीशी तोच कारकून होता. मला बघून पुन्हा दात काढले. "काय जमीनदारीणबाई! शिष्यवृत्ती पाहिजे ना?"

मागे बा होता. या वेळी तो हसला नाही. उभा राहिला होता.

"ती पुढच्या वर्षी मागेन," मी म्हणाले. "आज जमीन मागायला आलेय. हा अर्ज. आवक क्रमांक टाका आणि पोच द्या."

"साहेब जेवायला गेलेत. उद्या ये."

"पोच द्यायला साहेब लागत नाहीत."

तो पानाला चुना लावत बसला. मागची माणसं कुरकुरली, एकाने मला बाजूला हो म्हटलं. मी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून ठेवले. पोच घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही. आणि रान मिळेपर्यंत हलणार नाही.