त्याच्या मशीनची खंडेनवमी

मला त्या माणसाला तुरुंगात बघायचं होतं. पैसे परत मिळाले असते तर घेतलेच असते, पण पैशांपेक्षा मला तेच जास्त हवं होतं, हे आधीच सांगून टाकते.

उमरग्यात माझं बारदान्याचं दुकान आहे. डाळमिलवाल्यांना पोती लागतात, ती मी उधारीवर देते. नळदुर्गचा एक मिलवाला वर्षानुवर्षं माझ्याकडूनच माल न्यायचा. मला वैनी म्हणायचा. डाळ निवडायचं नवं मशीन आणलं तेव्हा त्याला पहिलं कुंकू लावायला मला बोलावलं होतं, आणि मी बावळटासारखी पेढे घेऊन गेले होते. मग एका हंगामात त्यानं हात वर केले. माझ्यासकट सगळ्या व्यापाऱ्यांच्या तोंडाला पानं पुसून तो धाराशिवच्या कोर्टात गेला आणि मला नादार जाहीर करा म्हणून अर्ज दिला. एकदा नादार ठरला की उधारी मागायला कुणी त्याच्या दारात जायचं नाही. जे काही शिल्लक असेल ते कोर्ट विकणार आणि सगळ्यांना वाटून देणार.

कोर्टात तो खांद्यावर उसवलेला शर्ट घालून आला. असला शर्ट त्याच्या घरात सापडला कसा, याचंच मला नवल वाटलं. शपथेवर म्हणाला, "माझ्याकडं कायच न्हाय साहेब. मशीन बी भंगारात गेलं." नंतर बाहेरच्या टपरीजवळ मला गाठून हसत म्हणाला, "वैनी, चहा घ्या. पैसे तेवढे तुमीच द्या."

टपरीवरची माणसं हसली. मी चहा न घेता एसटीत बसले आणि उमरगा येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मशीन भंगारात गेलेलं नाही याची मला खात्री होती. पण त्याची मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टानं नेमलेला रिसीव्हरसुद्धा मिलमधून हात हलवत परतला होता. मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. माणूस लबाड असला तरी देवभोळा होता. खंडेनवमीला मशीनला हार घालून नारळ फोडल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे. कोर्टाला फसवेल, मला फसवेल, पण आई भवानीला फसवायची त्याची छाती नव्हती.

नवमीच्या सकाळी तोंडाला स्कार्फ बांधून, स्कूटर घेऊन मी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी झेंडूवाल्याजवळ उभी राहिले. तो आला, भला मोठा हार घेतला आणि भावाची घासाघीसही केली नाही. म्हणे नादार! त्याच्या मोटारसायकलच्या मागं मागं मी गावाबाहेर त्याच्या मेव्हण्याच्या गोठ्यापर्यंत गेले. आत त्यानं ताडपत्री सारली, तर मशीन लखलखत होतं. त्यानं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि डोळे मिटून हात जोडले. मी दारातून फोटो काढत राहिले. आरती मात्र पुरी होऊ दिली. देवाच्या कामात कशाला आड यायचं?

दुसऱ्या दिवशी वकिलाला म्हटलं, "आता फौजदारी करा. माझ्या नावानं करा."

"वैनी, तो अधिकार तुमचा न्हाय," वकील म्हणाला. "नादारीत मालमत्ता लपवली तर तुमी फक्त कोर्टाला दाखवायचं. चौकशी कोर्ट करणार, आन् पटलं तर मॅजिस्ट्रेटकडं तक्रार बी कोर्टच पाठवणार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फसले मी, शोधलं मी, आणि त्याला आत घालायचा अधिकार तेवढा दुसऱ्याचा! तरी अर्ज केला. रिसीव्हर पंच घेऊन गोठ्यात गेला, तेव्हा मशीनवर तोच सुकलेला हार होता. चौकशी झाली, आणि कोर्टानं स्वतः त्याच्याविरुद्ध तक्रार पाठवली. गुन्हा शाबीत झाला तर वर्षापर्यंत कैद, असं वकिलानं सांगितलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

काही दिवसांनी तो दुकानात आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"वैनी, मेव्हणा तुमचे समदे पैसे द्यायला तयार हाय. एकट्या तुमचे. केस मागं घ्या."

"केस माझी न्हाय," मी म्हणाले. "कोर्टाची हाय. मागं घ्यायला माझ्याकडं कायच न्हाय."

ज्या नियमावर मी इतकी जळफळले होते, तोच सांगताना जिवाला किती गार वाटलं म्हणून सांगू. तो पोत्यांच्या थप्पीला टेकला. मी समोरच्या हॉटेलातून दोन चहा मागवले.

"घ्या," म्हटलं. "पैसे मीच देते."

त्यानं कपाला हात लावला नाही. तो गेल्यावर मी दोन्ही चहा प्यायले.