ढग पाहणारा लाइनमन

वरूडकडच्या आमच्या गावचा लाइनमन भेटला की आधी आभाळाकडे पाहते, मग माणसाकडे. गावाजवळ सोलारचा प्लांट झाला तवापासून त्याले ही सवय लागली. ढग आले की व्होल्टेज पडते. मग तो फटफटीवर संत्र्याच्या बगिच्याबगिच्यात ओरडत फिरते, "पंप बंद करा, ऊन येऊ द्या!"

लोक चिडवतात, "काहून बे, सूर्यानं ठेवलं का तुले नोकरीवर?"

"हो ना. साहेब कवा रजेवर जाईल, सांगता येत नाई."

माझी बायको शेवटी ऑक्सिजनच्या मशीनवर होती. व्होल्टेज पडलं की मशीन बंद पडायची, अन् तिचा जीव घाबरा व्हायचा. एक दिवस सकाळीच झाकोळलं. संत्र्याच्या बहाराचं पाणी चालू होतं, कोणी पंप थांबवायले तयार नव्हतं. लाइनमननं आधी सोताच्या बगिच्यातला पंप बंद केला. मग एकेकाले जाऊन म्हणला, "काकूले दम लागून राह्यला. माझा पंप बंद हाये, आता तुमचा करा."

लोकायनं केले. मशीन दिवसभर चालली. बायको उशीले टेकून बसली अन् तिनं आमच्या लग्नाच्या गोष्टी काढल्या. वरातीत माझा जोडा हरवला होता, त्यावर मनसोक्त हसली. तशी ती पुन्हा कवाच बोलली नाही.

तिच्या तेरवीले सारे मले धीर धरा म्हणत होते. हा लाइनमन जवळ बसला अन् त्यानं विचारलं, "काका, त्या दिवशी काकू काय बोलल्या?"

मी सांगत गेलो. जोड्याची गोष्ट ऐकून तो खळखळून हसला. भरल्या घरात मीही हसलो.