रस्त्यापलीकडची पेटी

किल्लारीच्या भूकंपात गंगासागरच्या माहेरची माणसं वाचली, पण घर गेलं. घाटनांदूरहून ती भेटायला गेली तेव्हा आई ताडपत्रीखाली बसलेली. "डबाभर पीठ हाय ढिगाऱ्याखाली, पर हात पोचत न्हाई," आई म्हणाली.

परत येताच गंगासागरनं लग्नातली पत्र्याची पेटी रिकामी केली. तीत जवारीचं पीठ, डाळ, मीठ, घट्ट झाकणाच्या बरणीत काड्यापेट्या, धुतलेल्या लुगड्याच्या पट्ट्या, भाजल्यावरचं मलम ठेवलं. रेशनकार्ड नि सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत बांधले. पेटी मात्र घरात ठेवली नाही. रस्त्यापलीकडच्या गोठ्यात, दगडांवर ठेवली.

नवरा वैजिनाथ किराणा दुकानदार. तो म्हणाला, "दुकान भरलंय आपलं. पेटी कावून पायजे?"

"दुकान बी मातीच्याच भिंतीचं हाय न्हवं?"

दर अमावस्येला ती पेटी उघडायची. जुन्या पिठाच्या भाकरी करायची, ताजं भरायची. एकदा सेल गळून पेटीतली उजेडाची बॅटरी गंजली, तेव्हापासून सेल वेगळे ठेवू लागली. शेजारची मुनिरा हसायची, "गंगाभाबी, तुमचा भूकंप कधी येनार?"

भूकंप आला नाही. शहाण्णवच्या एप्रिलात भर दुपारी मागच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. वारा असा की घटकाभरात दुकान, घर आणि मुनिराचंही घर जळालं. माणसं बाहेर पडली, पण मुनिराचा हात चांगलाच भाजला. गंगासागरनं आधी त्यावर बराच वेळ गार पाणी ओतलं, मग मलम लावून सैल पट्टी बांधली. तीन दगड मांडले, पेटीतलं पीठ काढलं आणि दोन्ही घरांना भाकरी-वरण घातलं.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. कागद हातात होते, पण वैजिनाथला अक्षर दिसेना.

"चष्मा जळाला. पेटीत न्हाई का?"

"तुमच्या नाकावरनं उतरतच न्हाई, म्हनून ठेवला न्हाई!"

आगीनंतर वैजिनाथ पहिल्यांदाच हसला.

घरं उभी राहायला वर्ष गेलं. छप्पर चढायच्या आधीच मुनिरा सिरसाळ्याच्या बाजारातून नवीकोरी पेटी घेऊन आली.

"भाबी, काय काय ठेवू?"

गंगासागरनं तिला शेजारी बसवलं.

"ते मागनं. आदी सांग, तुमच्यात चष्मा कोनाला हाय, रोजची गोळी कोन घेतंय?"