पठाण मॅडम आणि शेपूट तुटलेल्या ओळी

पठाण मॅडम कंपायलरशी भांडायच्या, तेही मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खड्या आवाजात. लातूरच्या आमच्या कॉलेजात मी नवा होतो. एके दिवशी लॅबमधून आवाज आला, "लई शाणा झालास व्हय रे? काल चाललास, आज काय धाड भरली?" एखादं पोरगं तावडीत सापडलंय असं समजून मी सोडवायला आत गेलो, तर मॅडम एकट्याच. पडद्यावर लाल ओळींचा खच आणि त्यावर रोखलेलं मॅडमचं बोट. "या बिराजदार सर, बसा," त्या म्हणाल्या. "ह्याला जरा समज देऊन राहिले."

मॅडम मूळच्या औशाच्या, शिंप्याची लेक. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं त्यांना वेड, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो ते. तयार मिळालं तरी घ्यायचं नाही, कोड उतरवून घेऊन त्याचा चालता प्रोग्रॅम स्वतःच्या मशीनवर बांधायचा. कोड जुना आणि तो मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नवा, की पहिली ठिणगी. त्याची समजूत काढावी तर लायब्ररी रुसते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तुकडे, ज्यांच्या जिवावर आपला प्रोग्रॅम उभा असतो. एका प्रोग्रॅमला जुनी चालते, दुसऱ्याला नवीच लागते. "सदरा तोच, अस्तर बदललं. मग काखेत आवळणारच की," मॅडम म्हणायच्या. एररचा ढीग बघून पोरं रडकुंडीला आली की त्या सांगायच्या, "पहिली वाचा. पहिलीच खरी. बाकी सगळे वऱ्हाडी, नवरदेव उठला की तेबी उठतेत."

गेल्या वर्षी मॅडम हृदयविकारानं गेल्या. मातीला गेलो तेव्हा मी रडलो, आणि आजही लॅबमध्ये शांतता असली की मला करमत नाही. पण शोकसभेत लोकांनी त्यांना पार संतपदाला पोचवलं, ते काही मला पटलं नाही. बाई हट्टी होत्या, डब्यातली शेंगदाण्याची चटणी कुणाला देत नसत, आणि एकदा त्यांनी असा घोळ घातला होता की बोलायची सोय नाही.

गावात अंध मुलींची शाळा आहे. तिथले मुख्याध्यापक सोनकांबळे सर मॅडमकडून ब्रेलची पुस्तकं छापून घेत. मराठी मजकुराचे उठावाचे ठिपके करणारा एक प्रोग्रॅम होता. लिहिणाऱ्यानं तो कधीच वाऱ्यावर सोडला होता, आणि मॅडमनी लॅबच्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर तो जगवला होता. त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा.

मग कॉलेजात तपासणीची समिती यायची ठरली. सगळी मशीनं अद्ययावत हवीत असा प्राचार्यांचा फतवा निघाला. मॅडम भांडल्या. प्राचार्य थंडपणे म्हणाले, "जमत नसेल तर राहू द्या, मॅडम." झालं! 'जमत नसेल' हे शब्द बाईंच्या जिव्हारी लागले. त्यांनी स्वतःच म्हातारं मशीन आतून पुसून कोरं केलं, नवा कंपायलर, नवी लायब्ररी चढवली आणि प्रोग्रॅम बांधायला घेतला. कित्येक दिवस लॅबमधून शिव्या ऐकू येत होत्या. एका दुपारी एकही एरर आली नाही. मॅडमनी पेढे वाटले. समिती आली, चहा प्याली, एकही मशीन चालू न करता निघून गेली.

दरम्यान शाळेतल्या मुलींची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. इतिहासाची पुस्तकं छापून गेली. ठिपके किती सुबक आलेत म्हणून आम्ही सगळ्या डोळसांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सोनकांबळे सरांचा फोन आला, "मॅडम, जरा येता का? पोरी हसून राहिल्यात."

मी मॅडमना घेऊन गेलो. किनवटकडची सुनीता पुस्तकावर बोटं फिरवत होती. "मॅडम, हरेक ओळीचं शेपूट तुटलंय," ती म्हणाली. "लढाई सुरू हुती, आन् जिंकलं कोण तेच न्हाई." पोरी खिदळल्या. मग तिनंच हळू आवाजात विचारलं, "परीक्षा आली. आता आमी वाचायचं काय?"

हसू तिथंच थांबलं. ब्रेलमध्ये अक्षराला एक घर लागतं आणि मात्रेला वेगळं. नवी लायब्ररी दोन्ही मिळून एकच मोजत होती, म्हणून ओळी लांबल्या आणि कागदाबाहेरचं सगळं गळून पडलं. कंपायलरला यात काहीच वावगं दिसलं नव्हतं.

मॅडम खाली सतरंजीवर पोरींमध्ये बसल्या. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "एक बी एरर न्हाई म्हणून मी पेढे वाटत फिरले. तुमच्यातल्या एकीला वाचून बघ म्हणलं न्हाई."

परत येऊन त्या थेट प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "हाव सर, न्हाई जमलं." जुनी लायब्ररी शोधून त्यांनी फक्त त्या प्रोग्रॅमपुरती वेगळी बसवली. कुणावर ओरडल्या नाहीत. मला तर त्यांची काळजीच वाटायला लागली. नमुन्याचं एकच पान छापलं आणि ते घेऊन आम्ही पुन्हा शाळेत गेलो.

सुनीतानं पान पुढ्यात ओढलं. बोट ओळीच्या टोकाला गेलं, खालच्या ओळीवर आलं, पुन्हा टोकाला गेलं. "बरोबर हाय का गं?" मॅडमनी विचारलं. बोट पुढच्या ओळीवर सरकलं. "सुनीता, ओळी पुऱ्या लागतेत का?" पोरगी वाचण्यात गुंग. पान संपलं तसा तिचा हात टेबलावर चाचपडायला लागला.

"पुढचं पान कुठंय?" ती चिडून म्हणाली.

मॅडमचे डोळे भरून आले होते, तरी खेकसल्या माझ्यावरच. "बघत काय बसलाव सर? गाडी काढा. पोरीला पुढचं पान पायजे."