नऊ नंबरचा शेरा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझं पोस्टिंग मालाडच्या एका लष्करी वर्कशॉपमध्ये होती. हुद्दा हवालदार, काम इंजिनांचे बिघाड शोधण्याचं. आजकालच्या गाड्या मशीन जोडलं की आपलं दुखणं नंबरात सांगतात. आमच्याकडे नंबर होते, मशीन नव्हतं. ट्रक आला की ऐकायचं, हुंगायचं, डिपस्टिक पुसून बघायची आणि कार्डावर शेरा मारायचा. तीन म्हणजे डिझेलची लाईन, पाच म्हणजे कूलिंग. नऊ म्हणजे इंजिन ठीक, डॅशबोर्डवरचा दिवाच खोटा.

नऊ नंबर आम्हा सगळ्यांचा लाडका होता. इंजिन उघडावं लागत नसे, आणि परेडला पाचच्या पाच ट्रक उभे दिसत. दिव्यांचे स्विच बहुतेक वेळा खराब निघतही. त्यामुळे आमचा माज वाढला होता, हे आज कबूल करतो.

त्या दिवशी पाच ट्रक माहुलहून पेट्रोलची पिंपं आणायला निघणार होते. ०६१० वाजता नायक गोविंद परब माझ्याकडे आला. कुडाळकडचा, अबोल माणूस. शेवटचा ट्रक त्याचा.

"उस्ताद, ऑइल प्रेशरचो दिवो पेटताहा."

मी तेल पाहिलं. पातळी बरोबर. इंजिन ऐकलं. आवाज साफ.

"स्विच गेलाय. नऊ नंबर."

"उघडून बघूया मां?"

"उघडायचं तर दिवस जाईल. गाड्या चार दाखवू का साहेबांना?"

मी दिव्याची वायर काढली. दिवा विझला. गाडीत चढताना परबने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मला आवडली नव्हती.

जाताना काही झालं नाही. पिंपं भरून ११३० वाजता परत निघालो. परबच्या मागे माझी जीप होती. दोघांकडेही रेडिओ सेट होते. पवई सोडून आरेचा चढ लागला, तेव्हा परबचा आवाज आला.

"फाइव्ह टू जीप. इंजिनाचो आवाज बदललो. खडखडता. थांबू? ओव्हर."

पेट्रोल भरलेला ट्रक भर रस्त्यात उभा करणं माझ्या जिवावर आलं. शिवाय सकाळचा शेरा माझाच होता.

"जीप टू फाइव्ह. चढ संपव. वर बघू. ओव्हर."

"रॉजर."

दोन मिनिटं गेली असतील. मोठा दणका झाला. इंजिनचा रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. गरम तेल सायलेन्सरवर उडालं आणि बॉनेटखाली आग लागली. आगीत ब्रेकची नळी जळाली, ट्रक उलटा सरकू लागला. मी जीप बाजूला घेतली. माझ्या मागे उतारावर बसस्टॉप होता. बायका, शाळेची पोरं, चाळीसेक माणसं.

परबने शेजारच्या शिपायाला ढकलून उतरवलं. स्वतःही उडी मारता आली असती. तो मान मागे वळवून स्टिअरिंग फिरवत राहिला, ट्रक डोंगराच्या अंगाला घासत नेला आणि दगडात घुसवला. मी अग्निशामक घेऊन धावलो. दहा पावलांवर असताना पिंपं पेटली.

इंजिन उघडल्यावर ऑइल पंपाची जाळी गाळाने गच्च भरलेली निघाली. तेल होतं, पण वर चढत नव्हतं; दिवा खरं सांगत होता. सकाळचं कार्ड ट्रकमध्येच जळून गेलं होतं, मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. हुद्दा गेला. जायलाच हवा होता.

मग कुडाळला गेलो. परबचे वडील ओटीवर बसले होते. त्यांनी एकच विचारलं.

"माझ्या झिलाची चूक होती काय, सायबानू?"

"नाही बाबा. त्याने दोनदा विचारलं होतं. चूक माझी होती."

त्यांनी आत आवाज दिला, "आणखी एक पान वाढा गो." आणि मला म्हणाले, "लांबसून इलास. जेवान जावा."

मी जेवलो. तसा घास त्यानंतर कधी घशाखाली उतरवावा लागला नाही.

नायक गोविंद परब. वय एकतीस. उडी मारायला त्याच्याकडे वेळ होता.